बस्त्यांव जोग्याची अर्धी प्रार्थना

फार वर्षांपूर्वी, खाडीवर कधी पूल होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तेव्हा खारभुई गावाच्या टेकडीवर ख्रिस्ती संन्याशांचा एक मठ होता. संन्यासी दिवसातून अनेकदा मठाच्या देवळात जमत आणि स्तोत्रं गात. अर्धे या बाकांवर, अर्धे समोरच्या. या बाजूने एक ओळ म्हणायची, समोरच्यांनी पुढची. खाली मिठागरात राबणाऱ्यांना ते गाणं येत्या-जात्या लाटांसारखं ऐकू येई.

मग पटकीची साथ आली. एकेक करून सगळे संन्यासी गेले. उरला फक्त बस्त्यांव, सगळ्यांत धाकटा. सगळ्यांना त्यानेच माती दिली. असं म्हणतात, की शेवटची कबर बुजवून त्याने हात धुतले आणि तो सांजेच्या प्रार्थनेला देवळात गेला. आपल्या बाकावर बसून त्याने एक ओळ म्हटली. समोरून उत्तर आलं नाही.

सुरुवातीला तो दोन्ही ओळी स्वतःच म्हणायचा. एक म्हणून झाली की झगा आवरत धावत समोरच्या बाकावर जायचा, दुसरी म्हणायचा आणि परत धावायचा. मिठागरातली माणसं खिडकीतून बघून हसायची. पास्कीन नावाची एक तरुण बाई तर एकदा म्हणालीच, "काय हो बाबा, देवाला शोधताय की पळवून लावताय?"

बस्त्यांवलाही हसू आलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने धावणं सोडलं. आपली ओळ म्हणायची आणि समोरची ओळ जेवढी लांब, तेवढा वेळ गप्प बसायचं. काही मागायचं नाही. मनातही काही बोलायचं नाही. नुसता कान देऊन असायचं.

वर्षं गेली. त्याचे केस पिकले. समोरची बाकं रिकामीच राहिली. पावसाळ्यात तर दिवसचे दिवस माणसाचा आवाज त्याच्या कानी पडत नसे. शेवटी दूरच्या एका मोठ्या मठातून निरोप आला, 'होडी पाठवतो. यायचं असेल तर ये. इथे गाणारे पुष्कळ आहेत.'

बस्त्यांवने गाठोडं बांधलं. पास्कीन मासळी घेऊन आली होती, तिला तो म्हणाला, "बाय, मी जातो. इतकी वर्षं थांबलो. त्या बाजूला कुणी नाही."

"कुणी नाही? मग आम्ही काय मेलो?" पास्कीन भडकली. "तुम्ही गप्प झालात की खाली आमची फावडी थांबतात. माझा पोर इनास खाडीत बुडाला. त्याच्यासाठी रडायला मला दिवसात तेवढीच जागा मिळते. रडून झालं की मी नुसती बसते. कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटतं. तुम्ही गेलात तर त्याने कुठे यायचं?"

बस्त्यांव गाठोडं तिथेच ठेवून देवळाकडे वळला. असं म्हणतात, की त्या संध्याकाळी भरतीचं पाणी होडीला टेकलं आणि तिथेच थबकलं. टेकडीवरची प्रार्थना संपेपर्यंत ते चढलं नाही की उतरलं नाही. मग नावाडी रिकामी होडी घेऊन परतला.

एकटेपण काही गेलं नाही. रोज संध्याकाळी ते समोरच्या बाकांवर बसलेलंच असे. बस्त्यांव त्याच्याकडे बघून आपली ओळ म्हणे.

आणि मग एका संध्याकाळी त्याची ओळ आलीच नाही. मिठागरात सगळे माना वर करून थांबले. तेवढ्यात, एरवी तो गप्प बसायचा त्या वेळी गाणं ऐकू आलं. एक नव्हे, कितीतरी गळे. माणसं फावडी टाकून टेकडी चढली. देवळात कुणीच गात नव्हतं. बस्त्यांव समोरच्या बाकावर बसला होता. अंग गार पडलं होतं. आख्खं बाक मोकळं होतं, पण तो टोकाला अंग चोरून बसला होता, दाटीवाटीत बसतात तसा.

मठ केव्हाच पडला. खारभुईत मात्र आजही सांजेची प्रार्थना एक ओळ म्हणून आणि एक सोडून होते. घरात आलेली नवी सून पहिल्या दिवशी हमखास चुकते, घाईने पुढची ओळ म्हणू लागते. मग सासू तिच्या हातावर हात ठेवते आणि हळूच सांगते, "थांब बाय, ही ओळ आपली नाही."