वीस पानांची पंगत

“सून बरी आहे हो, पण अगदीच मुखदुर्बळ. हिला दहापर्यंत मोजता तरी येतं का?” ओटीवर फौजदार सासऱ्यांना म्हणाले, आणि माजघरात द्वारकेने ते ऐकलं.

काल पूजेची पंगत चालू असताना मागच्या गोठ्यात दामू खोतांचा खून झाला होता. एकवीसही पाहुणे म्हणाले, “आम्ही एकाच पंगतीला जेवत होतो.” जेवत नव्हता तो एकटा आचारी गणू, म्हणून फौजदारांनी त्यालाच बांधलं. त्याच्या बायकोने अंगणात आकांत मांडला होता.

द्वारकेने सासूबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ओटीवर केळीची पानं मांडली. सासूबाई म्हणाल्या, “मंडळी, काल जिथे बसला होतात तिथेच बसा पाहू.”

आपापले शेजारी बघून सगळे बसले. फौजदारांचा मेहुणा भिकाजी मात्र जागा शोधत उभाच राहिला.

फौजदार खो खो हसले. “म्हटलं नव्हतं? पोरीने एक पान कमी मांडलं!”

द्वारकेने पदर सावरला.

“कमी नाही, फौजदारसाहेब. नवी सून म्हणून काल उष्टी पानं मीच काढली. तीही वीसच होती.”