कुमुद शेवटी काय म्हणाली

"मग तिला तिन्हींतलं कुठलं सांगू, बुवा?"

विचारणारे भार्गव मिराशी. एक खंडकाव्य, एक आत्मचरित्र आणि आता हाउसफुल्ल चाललेलं नाटक. खोटं कशाला बोला, लिहायचे झकास. आख्यान कसं लावायचं ते वाईच्या नरहरबुवा कीर्तनकारांनी त्यांना शिकवलेलं, म्हणून बुवांच्या ओसरीवर ते अजून मांडी घालून बसत.

अडचण भाचीची होती. तिची आई कुमुद, म्हणजे मिराशींची धाकटी बहीण, भाची तीन वर्षांची असताना दवाखान्यात वारली. काव्यात कुमुद जाताना लेकीचं नाव घेते. आत्मचरित्रात भावाचा हात धरून "सांभाळ हिला" म्हणते. नाटकात तर चांगलं दीड पान बोलते, आणि लोक रडतात. भाचीने तिन्ही नीट वाचलं आणि साधं विचारलं, मामा, आई खरंच काय म्हणाली?

उद्या ती उत्तर ऐकायला येणार होती.

बुवांनी आतून पाट आणून समोर ठेवला. हा त्यांचा जुना शिरस्ता. ज्याची गोष्ट, तो माणूस रिकाम्या पाटावर बसलाय असं धरून शिष्याने ती सांगायची. भलेभले तिथे अडखळत.

"कुमुद बसलीय. सांग."

मिराशींनी काव्य खड्या आवाजात सुरू केलं. चौथ्या ओळीला अडले. मग आत्मचरित्र... "तू माझा हात धरून..."

पुढे सरेना. नाटकाच्या वाटेला ते गेलेच नाहीत.



"मी नव्हतोच तिथे," ते म्हणाले. "तार आली होती. सत्कार होता माझा. म्हटलं, हारतुरे उरकून निघू... पोचलो तेव्हा खाट धुऊन ठेवली होती."

बुवांनी पाट त्यांच्याकडे थोडा सरकवला.

"लिहून लिहून मलाच खरं वाटायला लागलं होतं, बुवा. लाज वाटते." ते हुंदके देऊन रडले. मग डोळे पुसले, आणि काय म्हणावं या माणसाला, हात खिशातल्या पेनाकडे गेला. "हेसुद्धा लिहितो आता. जसं घडलं तसं. कुमुदच्याच तोंडून..."

बुवांनी पेन काढून घेतलं आणि पाटाकडे बोट दाखवलं.

"तू गप्प बस, भार्गवा. तिला बोलू दे."