रिकामा कोपरा

एकदा एक घर नवा रंग लावून गिऱ्हाइकाची वाट पाहत उभे होते. तालुक्याच्या गावातले, तीन खोल्यांचे बैठे घर. मालकीण वेणूबाई सत्तरी उलटलेल्या. यजमान जाऊन चार वर्षे झालेली, आता लेकीकडे राहायला जायचे म्हणून घर विकायला काढलेले. घेणारा मधुसूदन हा टपाल खात्यातला कारकून. त्याच्या आईला दमा होता. भाड्याच्या ओलसर खोलीत त्या माउलीचे तीन पावसाळे उशीला टेकून बसल्या बसल्या गेले होते. डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते की चौथा पावसाळा कोरड्या घरात काढा, नाहीतर कठीण आहे.

मेथीची जुडी आपण उलटीपालटी करून घेतो, कलिंगडाला चार टिचक्या मारतो, आणि घर घेताना मात्र भिंतीचा रंग बघून 'पदरी पडले पवित्र झाले' म्हणतो, याचे मला आजवर नवल वाटत आले आहे. मधुसूदन तसा नव्हता. त्याने एका वृद्ध पारख्याला बोलावले. घेणाऱ्याच्या वतीने घर तपासून देणे हाच या वृद्धाचा व्यवसाय. घरात जे असेल ते सांगायचे, पण 'घ्या' किंवा 'घेऊ नका' हे तोंडातून काढायचे नाही, असा त्याचा नेम होता. बरोबर त्याचा शिष्य असे. शिष्य तिशीचा, बांधकामाचा डिप्लोमा झालेला, चांगला हुशार. त्याच्या पिशवीत भिंतीची ओल मोजायचे यंत्र होते आणि त्या यंत्रावर त्याचा फार जीव होता.

वाटेत वृद्धाने सहज विचारले, की आज उशीर झाला तर घरची मंडळी जेवायला खोळंबतील का. शिष्य म्हणाला, छे, आमच्याकडे बाबा आधी जेवतात आणि मी मागून, रीतच आहे तशी. वृद्धाने 'बरं' म्हटले आणि विषय तिथेच संपला.

दिवस वैशाखाचे होते. दारातच घराचा दलाल भेटला आणि हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे काहीबाही बोलू लागला. शिष्याने त्याच्याकडे दुर्लक्ष करून कामाला हात घातला. शिडी लावून छत पाहिले, वायरी पाहिल्या, नळ सोडून मोरीत पाणी कसे वाहते ते पाहिले. एकूण एक भिंतीला यंत्र लावले. मोरीचा उतार थोडा उलटा आणि एक दार फुगलेले, एवढेच निघाले. भिंती ठणठणीत कोरड्या. दोन तास घाम गाळून त्याने तसे लिहूनही काढले.

या दोन तासांत गुरूने काय केले? काही नाही! चपला काढून आत आला तो मधल्या खोलीत फरशीवर मांडी घालून बसला आणि वेणूबाईंशी गप्पा मारू लागला. लग्न होऊन या घरात कधी आलात, शिवणाचे मशीन कुठे असायचे, पाहुणे आले की कुठे निजायचे. मधुसूदनाची चुळबुळ सुरू झाली. शिष्याला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले. म्हातारा थकला, असेच त्याच्या मनात आले.

मग वृद्धाने आणखी एक चमत्कारिक गोष्ट केली. वेणूबाईंची लोखंडी खाट बांधाबांधीसाठी अंगणात काढून ठेवली होती. ती त्याने शिष्याला आणि मधुसूदनाला उचलून आत आणायला लावली आणि वेणूबाईंना म्हणाला, की बाई, ही नेहमी असायची तिथे ठेवून दाखवा. त्यांनी जागा दाखवली. खाटेचे चारही पाय फरशीवरच्या गंजाच्या चार डागांवर बरोबर बसले. वृद्धाने मान हलवली. नंतर तो गुडघ्यांवर रांगत खिडकीजवळच्या रिकाम्या कोपऱ्यात गेला आणि बोटाने फरशी पुसून पाहू लागला. तिथेही गंजाचे चार डाग होते, फार जुने.

मग त्याने मधुसूदनाला विचारले, आईंची खाट कुठे ठेवणार? मधुसूदनाचा चेहरा खुलला. तो त्याच कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. खिडकीतून वारा येतो, पडल्या पडल्या रस्ता दिसतो, ही जागा जणू आईसाठीच मोकळी ठेवली आहे, असे तो म्हणाला.

"बाई," वृद्ध वेणूबाईंकडे वळला, "इतकी चांगली जागा तुम्ही का मोकळी ठेवलीत?"

वेणूबाई गोंधळल्या. हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता. "तिथं आम्ही काही ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "सासूबाई ठेवू द्यायच्या नाहीत. मला वाटलं, देवाधर्माचं काही असेल. लग्नाच्या वर्षी खाट तिथंच होती, मग त्यांनी इकडे घ्यायला लावली."

कधी, असे वृद्धाने विचारले. त्यांनी बराच वेळ आठवून सांगितले, की श्रावणात. पहिल्या मंगळागौरीला मैत्रिणी आल्या तेव्हा खाट इकडे आलेली होती.

वृद्धाने त्यांची परवानगी घेऊन खिशातल्या चाकूने त्या कोपऱ्यातला रंग जरासा खरवडला. रंगाखाली भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, पोपड्यासारखी सुटून आली, आणि तिच्यामागे भिंतीला बोटभर पांढरा खार आलेला होता. वैशाखात कोरडी दिसणारी ती भिंत दर पावसाळ्यात पाझरत होती.

मधुसूदन मटकन खाटेवर बसला. आपण आईला उचलून नेमके कुठे आणून निजवणार होतो, हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याला संताप आला. दलालाने संधी साधून अंग झटकले: बाईंनी लपवले, मला काय ठाऊक! वेणूबाईंचे डोळे भरून आले. मी काही लपवले नाही हो, एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मला विचाराल तर त्या क्षणी तिथे सर्वांत एकटे माणूस कुणी असेल तर त्या होत्या.

वृद्धाने त्यांना खाली बसवले, पाणी दिले, आणि शांतपणे म्हणाला, "यांनी लपवलेलं नाही. यांना ठाऊकच नव्हतं. घरात दोष असला की माणूस चार दिवस कुरकुरतो आणि मग खाट चार हात सरकवतो. मागून येणाऱ्याला फक्त सरकवलेली खाट दिसते. ती का सरकवली हे सांगणारं कुणी उरत नाही, आणि त्या सरकण्याला आपण रीत म्हणू लागतो. दोष अंगवळणी पडला की दिसायचा बंद होतो." मग तो शिष्याला म्हणाला, "तुझं यंत्र खरं बोललं, पण आजचं बोललं. या खाटेनं पन्नास पावसाळ्यांचं सांगितलं. भिंतीला रंग देता येतो रे, सवयीला देता येत नाही. म्हणून घरातली माणसं कशाला वळसा घालून चालतात ते मी आधी पाहतो."

मग तो सर्वांना घराबाहेर घेऊन गेला. पावसाची झड त्याच बाजूने यायची. खिडकीवरचे छप्पर वीतभर आखूड होते आणि त्याखाली गिलाव्याला केसासारखी चीर होती. दोष बरा होण्यासारखा आहे, एवढेच तो म्हणाला; पुढचे ज्याचे त्याने ठरवावे. वेणूबाईंनी डोळे पुसून तिथल्या तिथे सांगितले, की पाऊस पडायच्या आत हे नीट करून देईन, त्याशिवाय किल्ली देणार नाही. मधुसूदन खाली वाकून त्यांच्या पाया पडला. त्याला आपल्या रागाची लाज वाटत होती.

"आईला पहिलं वर्ष माझ्या जागेवर निजव," त्या त्याला म्हणाल्या. "तिथं मला कधी शिंकसुद्धा आली नाही."

कोपऱ्यात भिंतीला लावून एक घडी घातलेले पोते ठेवा आणि आठवड्याला चाचपून पाहा, असे वृद्धाने सांगितले. पुढे भाद्रपद सरला तरी ते पोते कोरडे राहिले, आणि मधुसूदनाची आई आडवी होऊन निजू लागली. ते यथावकाश झाले. मला सांगायची आहे ती त्याच संध्याकाळची गोष्ट.

शिष्य घरी पोहोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. स्वयंपाकघरात वडील नुकतेच पाटावर बसले होते. आई नेहमीप्रमाणे म्हणाली, की बाबांचं उरकतंय, तू तोवर हातपाय धुऊन घे. तो वळला, आणि उंबऱ्यातच थबकला. बाबा आधी आणि आपण मागून, ही रीत घरात कधी आली? त्याच्या लहानपणी तर नव्हती. तेव्हा तो वडिलांच्याच ताटातले उचलून खायचा. मग त्याला आठवले. सहा वर्षांपूर्वी, वडिलांचे दुकान मी चालवणार नाही असे तो जेवता जेवता बोलला होता, नको ते शब्द गेले होते, आणि वडील भरल्या ताटावरून उठले होते. दुसऱ्या दिवसापासून आईने दोघांची जेवणे वेगळी केली. कुणाला काही न सांगता, एकटीने, तिने खाट सरकवली होती.

तो तसाच मागे फिरला.

"आई," तो म्हणाला, "माझंही पान आत्ताच घे. बाबांच्या शेजारी."

आईचा हात भाताच्या पातेल्यावर तसाच राहिला. वडिलांनी मान वर केली नाही. पण बसल्या बसल्या त्यांनी आपला पाट जरा बाजूला घेतला आणि शेजारी दुसऱ्या पाटापुरती जागा करून दिली.