सात बोटांची हजेरी

कातरखेड्याच्या सरकारी दवाखान्यात मंजूर पदं सात होती आणि माणूस एकच, सुगंधा सिस्टर. बाकीचे बदलून गेले, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही.

जिल्ह्याच्या साहेबांनी बोट लावून हजेरी घेणारं यंत्र पाठवलं आणि हुकूम काढला: सातही पदांची हजेरी रोज दिसली नाही, तर दवाखाना बंद. मग बाळंतिणींना चाळीस किलोमीटर जावं लागलं असतं.

महिनाभर हजेरी पूर्ण दिसली. साहेब सत्कारासाठी सात नारळ घेऊन आले. म्हणाले, "बोलवा सगळ्यांना."

सिस्टरनी दोन्ही हात पुढे केले. "हा अंगठा डॉक्टरांचा, हे बोट औषधं देणाऱ्याचं, ही करंगळी शिपायाची..."

"ही फसवणूक आहे! मी वर कळवतो!"

"कळवा ना साहेब. इथे सात जणांचं काम एकटी बाई करते, हे मी दोन वर्षं लिहून कळवतेय. माझं कोणी वाचत नाही, तुमचं वाचतील."

साहेबांनी खिशातून काढलेला फोन परत आत ठेवला. कळवायचं तर सहा जागा रिकाम्या ठेवल्याचंही लिहावं लागणार होतं.

"आणि उरलेली तीन बोटं?" त्यांनी हळूच विचारलं.

"ती राखून ठेवलीत. सरकारनं पदं वाढवली तर लागतील."

साहेबांनी काहीच कळवलं नाही. पंधरा दिवसांत एक डॉक्टर आणि दोन नर्स मात्र रुजू झाल्या.