कोल्ह्याने सरकवलेली हद्द

नदी जिथे मोठे वळण घेते, तिथल्या जंगलात एक म्हातारी सायाळ राहत असे. तिच्या अंगावरचे लांब काटे अधूनमधून गळत, आणि बाळांनो, त्यातला एकही काटा ती वाया जाऊ देत नसे. पूर ओसरला की ती नदीकाठाने हिंडायची. झाडांच्या बुंध्यांवर गाळाचा डाग किती उंच आहे, झुडपांत वाहून आलेला काडीकचरा कुठवर अडकला आहे, हे ती नाक लावून पाहायची आणि पाणी जिथवर आले असेल तिथे एक काटा जमिनीत रोवायची. अशी वर्षानुवर्षे काट्यांची लांबलचक रांग तयार झाली. "या रांगेच्या आत चरा, खेळा, पाणी प्या," ती सगळ्यांना सांगे, "पण घर करू नका. ती नदीची जागा आहे. आज नदी तिथे दिसत नसली, तरी जागा तिचीच."

रांगेच्या वर एक उंच माळ होता. तिथे उंदरांची बिळे होती. माती कोरडी, करवंदाच्या जाळ्या दाट, दिवसभर ऊन. त्या माळावर कोल्ह्याचा डोळा होता. कोल्हा जंगलाचा कारभारी. कोणी कुठे राहायचे ते तोच ठरवी. एके दिवशी त्याने उंदरांना बोलावून सांगितले, "खाली एवढी मऊ जमीन रिकामी पडली आहे. खणायला सोपी, पाणी दारात. सगळे तिकडे राहायला जा."

"पण सायाळमावशीचे काटे?" एका उंदरिणीने विचारले. तिच्या पाच पिल्लांचे डोळेही अजून उघडले नव्हते.

"गेल्या चार वर्षांत तिथे पाणी आलेलं पाहिलंस का? उद्या येऊन बघ काटे कुठे आहेत ते," कोल्हा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काट्यांची रांग पार नदीच्या कडेला जाऊन बसली होती. सायाळीने ते पाहिले. तिने तडक कोल्ह्याला गाठले.

"काटे कोणी हलवले?"

"मी. तुझी मोजणी जुनी झाली होती. दुरुस्त केली."

"एक तरी झाड जवळ जाऊन पाहिलंस?"

"झाडं बघत बसलो तर वस्ती कधी व्हायची, मावशी?"

सायाळ उंदरिणीकडे धावली. "तू तरी खाली जाऊ नकोस," तिने विनवले. उंदरीण पिल्लाला तोंडात धरून उभी होती. तिने पिल्लू खाली ठेवले आणि म्हणाली, "मावशी, आमची वरची बिळं त्याने सकाळीच बुजवली. आता जाऊ कुठे?" पुढे कित्येक दिवस सायाळ बिळाबिळापाशी जाऊन सांगत राहिली. ऐकणारे मान डोलवत आणि खणत राहत. कोल्ह्याने मात्र माळावर ऐसपैस घर केले.

श्रावणात वरच्या डोंगरांत तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी दुपारी जंगलात लख्ख ऊन पडले होते आणि त्या उन्हातच नदी चढू लागली. नव्या रांगेतले काटे तिने पहिल्याच लोंढ्यात नेले. सायाळ ओरडत उतारावरून धावली आणि गळ्याइतक्या पाण्यात उभी राहिली. बुडणारे उंदीर तिच्या कपाळावरून चढून काठावर उड्या मारू लागले. उंदरिणीने एक पिल्लू वर आणले, मग दुसरे. तिसऱ्यासाठी ती वळली, तेव्हा बिळाच्या जागी नुसते गढूळ पाणी फिरत होते. पाणी थांबले ते बरोबर तिथे, जिथून कोल्ह्याने काटे उपटले होते.

कोल्हा माळावरून खाली आला. "फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण दैवापुढे कोणाचं काय चालतं?"

"दैवाचं नाव घेऊ नकोस," सायाळ म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण अंगावरचा प्रत्येक काटा ताठ झाला होता. "नदी आपल्या जागेत आली. इतकी वर्षं येत होती, तशीच आली. या लेकरांना तिच्या वाटेत तू आणून बसवलंस. मोजणी चुकली नव्हती. तुला माळ हवा होता."

उंदरीण पुढे झाली. "माझी तीन पिल्लं पाण्याखाली आहेत," ती म्हणाली. "माझं बीळ तू का बुजवलंस, ते मला सांग."

कोल्ह्याने इकडेतिकडे पाहिले. उंदीर उत्तरासाठी थांबले नाहीत. ते भिजलेल्या अंगांनी माळ चढले आणि कोल्ह्याच्या घराभोवती, घराखाली, घराच्या दारात खणू लागले. तो गुरगुरला, पण कोणी हलले नाही. ऊन उतरायच्या आत त्याचे घर ढासळले आणि तो जंगल सोडून गेला. पाणी ओसरल्यावर उंदरांनी झाडांवरचे ओले डाग स्वतः पाहिले आणि त्या डागांच्या खाली कुणालाही बीळ करू द्यायचे नाही असे ठरवले. उंदरिणीचा राग मात्र त्यानंतरही गेला नाही, आणि तो सोडून दे असे सायाळीने तिला कधी सांगितले नाही.

तात्पर्य : पुराची हद्द आपल्या सोयीसाठी सरकवली, म्हणून पाणी सरकत नाही, आणि ती सरकवणाऱ्याच्या गुन्ह्याला दैव म्हणू नये.