गिरणीच्या निधनाची बातमी

मंदीचे दिवस होते आणि 'गावदीप' दैनिकाचा खप घसरला होता. मालक आबासाहेब केबिनमधून गरजले, "शालन, पहिल्या पानावर घे, सूतगिरणी बंद पडणार! सगळं गाव बोलतंय."

"नुसत्या बोलण्यावर छापलं, तर व्यापारी बिचकतील आणि चालती गिरणी खरंच बंद पडेल," उपसंपादक शालन म्हणाली.

"मालक कोण? मी की तू?"

शालनने बातमी लिहिली आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. "करा सही. जवळच्या नातेवाइकाच्या सहीशिवाय निधनवार्ता छापायची नाही, हा तुमचाच नियम आहे."

आबासाहेबांनी पेन उघडलं, थोडा वेळ तसंच धरलं, मग हसत टोपण लावलं.

"त्या जागी फुलांच्या प्रदर्शनाचा फोटो मोठा कर. तेवढं जवळचं नातं नाही गं माझं!"