हौसा भोईण आणि थांबलेले पाणी

एका राज्यात नदी दोरीसारखी सरळ वाहत असे. राजा वज्रसेनाच्या आजोबांना वळण खपत नसे. त्यांच्या हुकमावरून मांत्रिकाने लोखंडी काठी ओढली आणि पाणी मुकाट तिच्यामागून गेले. त्या दिवसापासून नदीला शाप लागला. दर पुरात सोनखवल्या माशांची पिल्ले समुद्राकडे वाहून जात. अखेर एकच मादी उरली, पोटात शेवटची अंडी घेऊन.

मासे संपले की भोयांनी राज्य सोडायचे, असे ठरले होते. हौसा भोईण खंड्या पक्ष्याकडे गेली.

"उपाय सांग."

"तीन कामं कर. नदीला अडखळव. साचेल तो गाळ उपसू नकोस. गाळामागे फाटा उरेल; त्याचं वरचं तोंड बुजेल, ते बुजू दे. खालचं उघडं ठेव."

"एवढंच?"

"तिसऱ्यालाच भोई चुकतात."

हौसाने आपली एकुलती नाव दगड भरून प्रवाहात बुडवली. पाणी अडले, काठाला भिडले, काठ खात वळले. नावेमागे गाळ बसला, गाळावर लव्हाळे उगवले, आणि गाळापलीकडे जुन्या काठालगत पाण्याचा एक फाटा उरला. मादीने तीन वर्षे अंडी पोटात राखली.

चौथ्या वर्षी आपोआप साचलेल्या वाळूच्या बांधाने फाट्याचे वरचे तोंड मिटले. आतले पाणी थांबले, हिरवे झाले. भोयांची रीत अशी की थांबले पाणी मेले म्हणायचे आणि पावसाआधी बुजले तोंड फोडायचे. त्यांचा म्हातारा नाईक कुदळ घेऊन पुढे आला.

"हौसे, नाव बुडवून डबकं कमावलंस गं!"

मागून राजाही आला. हौसा बांधावर उभी राहिली.

"नाईकबाबा, आधी मला खणा."

राजाने विचारले, "कोणाच्या हुकमाने अडवतेस?"

"पोटुशीच्या, महाराज. ती कालच आत आलीये."

हौसा बांधावरून हलली नाही. तिच्याकडे पाहून राजाने पूर येईपर्यंत मुदत दिली.

पूर आला. नदी हत्तींसारखी धावली. बांधाच्या आत, फाट्यात, लव्हाळ्याचे पातेही हलले नाही. राजाने वाकून पाहिले. कोमट, उथळ पाण्यात, मुळांच्या आडोशाला हजारो पिल्ले होती, नखाएवढी, प्रत्येकाच्या पाठीवर एक सोनेरी खवला. पूर ओसरताच त्यांतली मोठी खालच्या तोंडाने नदीत शिरली, आणि जिथे ती गेली तिथे नदी आपणहून वळली. राजवाड्यात जपून ठेवलेली ती लोखंडी काठी मोडून पडली. शाप सुटला.

"शाबास, हौसा!" राजा गरजला.

म्हाताऱ्या नाईकाने छाती काढली आणि राजालाच दटावले, "हळू बोला, महाराज. आत अजून धाकटी आहेत. हे आमच्या भोयांचं बाळंतघर आहे."

राजाने जोडे काढून हातात घेतले.